बॅटरी डिकीत न्यावी का? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गाडीची बॅटरी बॉनेटखालून काढून डिकीत बसवण्यासंबंधी आलेल्या पत्रांपैकी सात पत्रे येथे एकत्र घेतली आहेत. प्रश्न थोडक्यात दिले आहेत आणि एखाद्या प्रश्नाचे उत्तर आधी येऊन गेले असेल, तर त्याची पुनरुक्ती टाळली आहे.

प्रश्न : माझ्याकडे 2002 सालची होंडा सिटी 1.5 व्हीटेक आहे. मी ती अधूनमधून कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर हौसेने चालवतो. आता टर्बो बसवायचा विचार असून इंटरकूलरच्या (टर्बोतून येणारी तापलेली हवा थंड करणाऱ्या भागाच्या) पाइपांना जागा हवी आहे. बॅटरी डिकीत नेल्यास जागा मिळेल आणि पुढचे वजन घटून गाडी वळणावर चांगली वागेल, असे गॅरेजवाल्यांचे म्हणणे आहे. त्यांनी 25 स्क्वेअरची वेल्डिंग केबल सुचवली आहे. हे योग्य आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : गॅरेजने दिलेल्या दोन कारणांपैकी जागेचे कारण पूर्ण खरे आहे, वजनाचे मात्र जेमतेम खरे आहे. जागेसाठी बॅटरी मागे नेण्याचे काम खुद्द कारखान्यांनीही केले आहे. बीएमडब्ल्यूच्या मालकीखाली आलेल्या पहिल्या मिनीचे उदाहरण घ्या. साध्या कूपरमध्ये बॅटरी बॉनेटखाली होती, परंतु कूपर एसमध्ये सुपरचार्जर आल्यावर पुढे दाटी झाली आणि बॅटरी डिकीत गेली. टर्बोच्या पाइपांना दुसरी वाटच नसेल, तर आपला बदल त्याच जातीचा ठरेल आणि त्याला हरकत घेण्याचे कारण नाही.

वजनाचा हिशेब मात्र कागदावर मांडून पाहावा. गाडीचे वजन 1,000 किलो असून त्यातले 62 टक्के पुढच्या चाकांवर आहे, असे धरू. बॅटरी 12 किलोची आहे, ती सुमारे अडीच मीटर मागे जाते आणि दोन अ‍ॅक्सलांमधले अंतर 2.4 मीटर आहे. हलवलेले वजन गुणिले हलवलेले अंतर, भागिले अ‍ॅक्सलांमधले अंतर, या साध्या सूत्राने पुढच्या चाकांवरचा भार साडेबारा किलोने कमी होतो. परंतु पाच मीटर जाड तांब्याची केबल, बॅटरीची पेटी, पट्ट्या आणि बोल्ट यांचे मिळून सुमारे पाच किलो वजन गाडीत नव्याने येते, आणि त्यातले निम्मे पुन्हा पुढच्याच चाकांवर पडते. अखेरीस 62 टक्क्यांचे पावणेएकसष्ट टक्के होतात आणि गाडी एकंदरीत जड होते. वीस लिटर पेट्रोलचे वजन 15 किलोच्या आसपास असते, म्हणजे टाकी भरलेली आहे की अर्धी, यानेही साधारण तेवढाच फरक पडतो. तो फरक आपल्याला वळणावर जाणवत असेल, तर बॅटरीचाही जाणवेल.

आपली गाडी पुढच्या चाकांवर चालणारी आहे, हेही विसरू नये. अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर भरलेल्या शर्यतींसारख्या सरळ रेषेतल्या शर्यतीत सुटताना गाडीचे वजन आपोआप मागे सरकते आणि पुढची चाके जागेवरच फिरू लागतात. अशा गाडीच्या पुढच्या चाकांवरून आणखी बारा किलो काढणे म्हणजे सुटतानाची पकड आपल्या हाताने कमी करणे होय. ज्यांच्याकडून ही कल्पना आली त्यांच्या गाड्या बहुधा मागच्या चाकांवर चालणाऱ्या असतात आणि त्यांच्या बाबतीत हाच बदल दोन्ही अंगांनी फायद्याचा ठरतो.

म्हणून माझी पहिली सूचना अशी, की आकाराने लहान आणि सीलबंद एजीएम प्रकारची (आतले आम्ल काचतंतूंच्या चटईत शोषलेले असते अशी) बॅटरी पुढच्याच बाजूला, आडवी किंवा थोडी सरकवून बसते का, हे टर्बोचे पाइप वाकवण्याआधी पाहावे. पाच-सहा किलोची बॅटरी दीड लिटरचे पेट्रोल इंजिन सहज फिरवते. गाडी रोज चालत नसेल तर ती उतरते एवढाच तिचा त्रास, आणि त्यावर घरच्या चार्जरचा उपाय आहे.

तरीही मागे न्यायचेच ठरले, तर खरा विषय केबलचा आहे, आणि त्यात 25 स्क्वेअर ही निवड मला मान्य नाही. बॅटरीपासून स्टार्टरपर्यंतची वाट दाराखालच्या उंबऱ्याच्या कडेने मोजली तर पाच मीटरच्या घरात जाते. 25 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलचा तेवढ्या लांबीत साडेतीन मिलिओहम रोध होतो. सेल्फ मारताना 150 अँपिअर प्रवाह धरला तर अर्धा व्होल्ट केबलमध्येच खर्च होतो, शिवाय परतीच्या वाटेचा हिशेब वेगळा. 50 चौरस मिलिमीटरची केबल घेतली तर हा तोटा पाव व्होल्टावर येतो. थंड इंजिनावर दोन्ही केबल सारख्याच वाटतील. शर्यतीच्या चार फेऱ्या मारून पिटमध्ये आल्यावर, इंजिन तापलेले असताना, त्यांच्यातला फरक कळेल.

वेल्डिंग केबल लवचीक असते आणि तिच्यात भरपूर बारीक तारा असतात, त्यामुळे ती वापरण्यास तत्त्वतः अडचण नाही. मात्र तिचे रबर तेल, पेट्रोल आणि इंजिनाजवळची उष्णता किती सोसते हे प्रत्येक केबलगणिक वेगळे असते, म्हणून बॉनेटखालच्या भागात तिच्यावर उष्णतारोधक वेष्टण हवेच. त्याहून मोठा धोका बाजारातल्या स्वस्त ‘ऑडिओ केबल’चा आहे. ती वरून तांब्यासारखी दिसते, परंतु पुष्कळदा आत अ‍ॅल्युमिनियम असून वर तांब्याचा नुसता मुलामा असतो. अशा केबलचा रोध शुद्ध तांब्याच्या दीडपट असतो आणि तिची तार दाबून बसवलेल्या लगमध्ये (केबलच्या टोकाच्या धातूच्या जोडात) कालांतराने सैल पडते. केबल विकत घेताना टोक कापून तारेवर पात्याने खरवडून पाहावे. आत पांढरे दिसले तर ती परत करावी. लग हातोडीने ठोकून न बसवता हायड्रॉलिक क्रिम्पने दाबून घ्यावेत. हे काम मोठ्या विजेच्या पॅनेलची कामे करणाऱ्या कोणत्याही वर्कशॉपमध्ये दहा मिनिटांत होते.

केबलची वाट गाडीच्या आतून, डाव्या उंबऱ्यालगत, गालिच्याखालून न्यावी. खालून नेली तर सायलेन्सरची उष्णता, पेट्रोलची नळी आणि रस्त्यावरचे दगड, तिघांशीही सामना होतो. सीटची रूळपट्टी, सीटबेल्टचे बोल्ट आणि मूळ वायरिंग यांपासून ती दूर ठेवावी. पत्र्यातून जेथे जेथे ती पार होते तेथे घट्ट बसणारे रबरी ग्रोमेट असावे आणि साऱ्या लांबीभर नालीदार नळी चढवलेली असावी. पावसाळ्यात पार्किंगमधले उंदीर गाडीत शिरतात, हे पुण्यात तरी सांगायला नको. त्यांच्या दातांनाही ही नळी थोडाफार अटकाव करते.

कायद्याविषयी आपण विचारले नाही, तरी सांगतो. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 चा रोख नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलांशी विसंगत ठरणाऱ्या बदलांवर आहे. बॅटरीची जागा त्या तपशिलांत येत नाही. टर्बो आणि इंजिनातले बदल हा मात्र वेगळा विषय असून त्याची चौकशी आरटीओत आधी करावी. विमा कंपनीला दोन्ही बदल लेखी कळवावेत. गाडीला आग लागल्यावर सर्वेक्षक सर्वांत आधी अशीच न कळवलेली वायर शोधतो.

प्रश्न : आमच्या येथील इलेक्ट्रिशियनने माझ्या गाडीची बॅटरी डिकीत बसवली, पण मुख्य केबलला फ्यूज लावला नाही. स्टार्टर शेकडो अँपिअर ओढतो, त्यामुळे कोणताही फ्यूज टिकणार नाही आणि कंपनीच्या गाडीतही स्टार्टरच्या केबलला फ्यूज नसतो, असे तो म्हणतो. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : कंपनीच्या बहुतेक गाड्यांत तो फ्यूज नसतो, हे त्याचे निरीक्षण बरोबर आहे. परंतु तेथे ती केबल हात-दीड हात लांबीची असते, कारखान्याने आखलेल्या वाटेने जाते आणि अपघातात चेपण्याची शक्यता कमी असेल अशा जागी असते. आपल्या गाडीत तीच केबल आता माणसांच्या बसण्याच्या जागेतून, दारांच्या खालून, गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते आणि किल्ली काढली तरी तिच्यातली वीज जिवंत असते. बाजूने धडक बसून उंबरा चेपला आणि केबलचे वेष्टण कापले गेले, तर पूर्ण भरलेली साधी बॅटरीही त्या जागी हजार अँपिअरच्या आसपास प्रवाह सोडू शकते. एवढ्या प्रवाहाने केबल लाल होते आणि गालिचा पेट घेतो. बॅटरी डिकीत हलवण्याच्या सगळ्या कामात माणूस दगावण्याचा धोका कोठे असेल, तर येथे आहे, आणि त्यामुळे या एका बाबतीत मी तडजोड सुचवणार नाही.

बीएमडब्ल्यूने आपल्या ई46 मालिकेसारख्या डिकीत बॅटरी असलेल्या गाड्यांत याची सोय वेगळ्या रीतीने केली. बॅटरीच्या प्लस टर्मिनलमध्येच एक छोटा स्फोटक घटक ठेवला. एअरबॅग उघडण्याएवढी जोराची धडक बसली की तो फुटतो आणि स्टार्टरची केबल बॅटरीपासून तोडून टाकतो. दिवे आणि दाराची कुलुपे मात्र चालू राहतात. एवढी खटपट एका मोठ्या कारखान्याला करावीशी वाटली, यावरून त्या केबलचा धाक लक्षात यावा. आपल्याला ते करता येणार नाही, पण फ्यूज लावता येतो.

फ्यूज टिकणार नाही, हा समज लहान काचेच्या आणि पात्याच्या फ्यूजवरून झालेला असतो. मेगा किंवा एएनएल प्रकारचा, नटबोल्टने बसणारा 250 अँपिअरचा फ्यूज आपल्या नेमून दिलेल्या क्षमतेच्या दुप्पट प्रवाहही लगेच वितळत नाही, काही काळ सोसतो. पेट्रोल इंजिनाचा स्टार्टर फिरू लागण्याच्या क्षणी मोठा झटका घेतो, पण तो सेकंदाच्या अगदी लहानशा भागापुरता असतो आणि मग प्रवाह दीडशे-दोनशेच्या आसपास स्थिरावतो. हजार अँपिअरचा थेट शॉर्ट झाला तर मात्र हाच फ्यूज चटकन जातो. मोठ्या डिझेल इंजिनासाठी क्षमता वाढवावी लागते आणि त्याबरोबर केबलची जाडीही. केबल बारीक ठेवून फ्यूज मोठा लावण्यात काही अर्थ नाही, कारण फ्यूज केबलच्या रक्षणासाठी असतो.

जागेचे म्हणाल तर फ्यूज बॅटरीच्या प्लस टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत हवा. फ्यूज आणि बॅटरी यांच्यामधला तुकडा अनाथ असतो, तो जितका लहान तितके बरे. ऑडिओच्या दुकानात मिळणारे, बटण दाबून परत चालू होणारे स्वस्त ब्रेकर या कामाला घेऊ नयेत. त्यांवर छापलेला आकडा आणि त्यांची प्रत्यक्ष वागणूक यांचा मेळ पुष्कळदा बसत नाही. प्लस टर्मिनलवर रबरी टोपी घालावी आणि डिकीत सुटे पाने, जॅक असे काही ठेवत असाल तर संपूर्ण बॅटरीवर झाकण असावे.

प्रश्न : बॅटरी मागे नेल्यापासून गाडी गरम असताना सेल्फ जड फिरतो. केबल 50 स्क्वेअरची आणि शुद्ध तांब्याची आहे, बॅटरी नवी आहे. एकदा सेल्फ बराच वेळ मारल्यावर अ‍ॅक्सिलरेटरची केबल हाताला गरम लागली. याचा काही संबंध असेल का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : संबंध आहे, आणि ती केबल गरम लागल्याचे आपण लिहिले नसते तर निदान करायला वेळ लागला असता. बॅटरी पुढे होती तेव्हा तिचे मायनस टोक एका जाड केबलने थेट इंजिनाला किंवा गिअरबॉक्सला जोडलेले होते आणि स्टार्टरचा परतीचा सारा प्रवाह त्या केबलने जात होता. इंजिन आणि बॉडी यांच्यामधली विणलेली बारीक पट्टी फक्त दिवे, हॉर्न यांसारख्या किरकोळ कामांसाठी होती. आता मायनस डिकीतल्या पत्र्याला जोडले आहे. बॅटरी हलवणाऱ्याने प्लसची काळजी घेतली, पण इंजिन रबरी माउंटांवर बसलेले असते हे तो विसरला. इंजिनातून बॉडीत यायला प्रवाहाला ती बारीक पट्टीच उरली, आणि जे कमी पडते ते अ‍ॅक्सिलरेटरची किंवा क्लचची पोलादी केबल वाहून नेते. असेच चालू राहिले तर ती केबल आतून जळून अडकू शकते. अ‍ॅक्सिलरेटर अडकण्याचा अर्थ मी वेगळा सांगायला नको.

उपाय स्वस्त आहे. इंजिन ब्लॉकपासून बॉडीच्या भक्कम भागापर्यंत प्लसच्याच जाडीची एक आखूड केबल टाकावी. तिच्यात थोडी ढील ठेवावी, कारण इंजिन हलते. मागच्या बाजूलाही बॅटरीच्या मायनसपासून बॉडीपर्यंतची केबल तेवढीच जाड आणि शक्य तितकी आखूड असावी, आणि ती डिकीच्या पातळ पत्र्याला न जोडता चासीच्या पट्टीला किंवा सीटबेल्टच्या जागेसारख्या जाड भागाला वेगळ्या बोल्टने जोडावी. सीटबेल्टचा बोल्ट स्वतः वापरू नये. जोडाच्या जागी रंग पूर्ण खरवडून धातू उघडा करावा, बोल्ट आवळल्यावर वरून रंग किंवा पेट्रोलियम जेली लावावी. नाहीतर दोन पावसाळ्यांत तेथे गंज धरतो आणि तीच तक्रार परत येते.

काम झाल्यावर मल्टिमीटरने खात्री करावी. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी आणि इंजिन सुरू होऊ नये म्हणून पेट्रोल पंपाचा फ्यूज काढावा. मीटरचे एक टोक बॅटरीच्या मायनस खांबावर आणि दुसरे इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूवर धरून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगावे. 0.2 व्होल्टपर्यंत आकडा आला तर उत्तम. अर्ध्या व्होल्टाच्या वर गेला तर परतीच्या वाटेत अजून खोट आहे. हेच बॅटरीच्या प्लसपासून स्टार्टरच्या मोठ्या बोल्टपर्यंत करून पाहावे. तेथे अर्धा व्होल्ट ही मर्यादा समजावी.

प्रश्न : मी नाशिकमध्ये हौशी रॅलीसाठी गाडी तयार करत आहे. बॅटरी मागे बसवून तिच्या प्लसवर कट-ऑफ स्विच लावला. परंतु इंजिन चालू असताना स्विच बंद केला तरी इंजिन चालूच राहते. स्विच खराब आहे का? शिवाय बॅटरी बसवण्याचे रॅलीचे नियम काय आहेत? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : स्विच चांगला आहे, जोडणी अपुरी आहे. आपण बॅटरी तोडलीत, पण पुढे बसलेला ऑल्टरनेटर गाडीला वीज पुरवतच राहिला, आणि इंजिनाला तेवढी पुरते. अपघातानंतर मार्शलने स्विच बंद केला आणि पेट्रोल पंप चालूच राहिला, तर त्या स्विचचा उपयोग शून्य. म्हणूनच एफआयए या आंतरराष्ट्रीय मोटार क्रीडा संघटनेच्या नियमांत मुख्य स्विचने बॅटरी, ऑल्टरनेटर, दिवे, इग्निशन अशी सर्व मंडले तुटली पाहिजेत आणि इंजिनही थांबले पाहिजे, असे सांगितले आहे.

त्यासाठी स्पर्धेच्या सामानाच्या दुकानांत सहा टोकांचा स्विच मिळतो. त्याची दोन मोठी टोके बॅटरीच्या केबलसाठी असतात. लहान टोकांची एक जोडी स्विच बंद होताच इग्निशनची वीज तोडते आणि दुसरी जोडी ऑल्टरनेटरचा उरलेला प्रवाह सुमारे 3 ओहमच्या रोधकातून बॉडीत जाऊ देते. हा रोधक स्विचबरोबर येतो आणि पुष्कळ जण तो पिशवीतच ठेवून देतात. तो न लावल्यास चालू ऑल्टरनेटरचा अचानक वाढलेला विजेचा दाब (व्होल्टेज) त्याच्या डायोडांना आणि ईसीयूला (इंजिनाच्या संगणकाला) महागात पडू शकतो. हा स्विच गाडीच्या आतून, बेल्ट लावलेल्या स्थितीत चालकाच्या हाताला यायला हवा आणि बाहेरूनही ओढता यायला हवा. बाहेरच्या जागेवर पांढऱ्या कडेच्या निळ्या त्रिकोणात लाल वीज, असे चिन्ह लावावे लागते, आणि त्या त्रिकोणाचा पाया किमान 12 सेंटिमीटर असावा लागतो.

बॅटरी मूळ जागेवरून हलवली असेल तर तिच्यासाठी धातूची बैठक आणि वेष्टण असलेल्या दोन धातूच्या पट्ट्या लागतात. बोल्ट किमान 10 मिलिमीटर व्यासाचे असावेत आणि प्रत्येक बोल्टाखाली, पत्र्याच्या खालच्या बाजूने, किमान 3 मिलिमीटर जाडीची आणि 20 चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाची पट्टी असावी. रस्त्यावरच्या गाडीतही मी हेच माप धरतो. बारा किलोची बॅटरी वीस जीच्या (गुरुत्वाकर्षणाच्या वीसपट) धडकेत 240 किलोच्या जोराने पुढे जाऊ पाहते आणि डिकीचा पातळ पत्रा साध्या वॉशरवरून कागदासारखा फाटतो. नायलॉनचा पट्टा किंवा ऑडिओवाल्यांची प्लॅस्टिकची पेटी यांचा येथे विचारही करू नये. आपण ज्या स्पर्धेत उतरणार आहात तिची त्या वर्षीची नियमपत्रिका एफएमएससीआय या भारतातल्या मोटार क्रीडा महासंघाकडून घेऊन ताडून पाहावी, कारण अंतिम शब्द तपासनीसाचा असतो.

प्रश्न : बॅटरी डिकीत बसवल्यानंतर लांबच्या प्रवासात मागच्या सीटवर कुजक्या अंड्यासारखा वास येतो. बॅटरी ‘मेंटेनन्स फ्री’ आहे, मग वास कसा? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : सर्वप्रथम गाडी चालवणे थांबवावे. हा वास हायड्रोजन सल्फाइडचा असण्याची दाट शक्यता आहे. बॅटरी प्रमाणाबाहेर चार्ज होत असेल किंवा तिचा एखादा सेल गेला असेल, तर तो वायू सुटतो. तो विषारी असतो आणि थोड्या वेळाने नाकाला त्याची जाणीव होईनाशी होते, त्यामुळे वास गेला म्हणजे धोका गेला असे समजू नये. डिकी आणि मागची सीट यांच्यामध्ये बहुतेक गाड्यांत नुसता पुठ्ठा आणि फोम असतो. इंजिन चालू असताना बॅटरीवरचा विजेचा दाब मोजावा. तो 14.8 व्होल्टच्या वर जात असेल तर ऑल्टरनेटरचा रेग्युलेटर तपासावा. दाब ठीक असेल तर बॅटरी बदलावी.

‘मेंटेनन्स फ्री’ या शब्दांनी आपल्याकडे मोठा घोटाळा केला आहे. त्यांचा अर्थ पाणी घालावे लागत नाही एवढाच. आत द्रवरूप आम्ल असते, वायू बाहेर पडण्यासाठी छिद्र असते आणि गाडी उलटली तर आम्ल सांडते. चार्ज होताना सुटणारा हायड्रोजन हवेत चार टक्के झाला की ठिणगीने पेटू शकतो, आणि बंद डिकीत रिले, अ‍ॅम्प्लिफायर, दिव्याचा स्विच अशा ठिणग्यांच्या जागा पुष्कळ असतात. डिकीत एजीएम प्रकारचीच बॅटरी घ्यावी. तिच्यातही संकटकाळी उघडणारी झडप असते, म्हणून वायुनळीची सोय असलेले मॉडेल निवडून ती नळी तळाच्या छिद्रातून गाडीबाहेर काढावी. 1989 साली आलेल्या माझदा एमएक्स-5 मध्ये बॅटरी कारखान्यातूनच डिकीत होती, आणि तीही लहान, सीलबंद आणि वायुनळी असलेली. जागा निवडताना स्टेपनीचा खड्डा टाळावा. तो खोल असतो हे खरे, पण पावसाळ्यात तेथे पाणी साचते आणि मागून धडक बसली की तोच भाग आधी चेपतो. मागच्या चाकाच्या कमानीच्या आतल्या अंगाला, अ‍ॅक्सलच्या शक्य तितके जवळ, ही जागा बरी.

डिकी केवळ विजेच्या बटणाने उघडत असेल तर बॉनेटखाली जंप-स्टार्टसाठी झाकण असलेला एक प्लस खांब जरूर ठेवावा. बॅटरी मेली आणि डिकी उघडेना, ही फजिती ऐकायला विनोदी वाटते, भर दुपारी घाटात नाही.

प्रश्न : मी मिशिगनमध्ये राहतो आणि 1990 ची 5.0 लिटर व्ही-8 मस्टँग ड्रॅग स्ट्रिपवर (सरळ रेषेतल्या शर्यतीच्या पट्टीवर) चालवतो. सगळे जण बॅटरी डिकीत उजव्याच बाजूला बसवतात, त्याचे कारण काय? आणि वजन वाचवण्यासाठी लिथियम घ्यावी का? (एक वाचक, मिशिगन)

उत्तर : आपली गाडी या बदलासाठीच जणू घडलेली आहे. इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांवर आणि मागचा अ‍ॅक्सल एकसंध. सुटताना प्रॉपेलर शाफ्टचा पीळ त्या अ‍ॅक्सलला उजव्या बाजूने वर उचलू पाहतो आणि उजवे मागचे चाक हलके पडते. शिवाय तेथे चालक डावीकडे बसतो. त्यामुळे वजन मागे उजवीकडे ठेवल्यास दोन्ही गोष्टी सावरल्या जातात. भारतातल्या वाचकांनी हे डोळे मिटून उचलू नये. येथे चालक उजवीकडे बसतो, म्हणून वळणावळणाच्या मार्गासाठी बॅटरी मागे डावीकडे असणे श्रेयस्कर.

आपल्या गाडीची आणखी एक सोय अशी, की तिचा स्टार्टर सोलेनॉइड (स्टार्टरची वीज जोडणारा स्विच) स्टार्टरवर नसून मडगार्डच्या आतल्या अंगाला वेगळा बसवलेला आहे. तोच डिकीत, बॅटरीशेजारी नेला तर स्टार्टरची जाड केबल फक्त सेल्फ मारतानाच जिवंत राहते आणि एरवी निर्जीव असते. गाडीच्या इतर विजेसाठी आणि चार्जिंगसाठी फ्यूज लावलेली दुसरी, तुलनेने बारीक केबल टाकावी. सर्व पर्यायांत मला ही रचना सर्वांत सुरक्षित वाटते.

एनएचआरए या अमेरिकेतल्या ड्रॅग शर्यतींच्या संघटनेच्या नियमांनुसार बॅटरी हलवली असल्यास डिकी आणि चालकाची जागा यांच्यामध्ये धातूची भिंत हवी, किंवा बॅटरी बाहेर वायू सोडणाऱ्या सीलबंद पेटीत हवी. बॅटरी धरणारे बोल्ट किमान 3/8 इंचाचे लागतात आणि प्लसच्या बाजूचा मुख्य स्विच गाडीच्या अगदी मागे, बाहेरून चालवता येईल असा लागतो. स्विचने इंजिन बंद झाले पाहिजे, हा दंडक तेथेही आहे. तेथील पद्धत अशी, की ऑल्टरनेटरची केबल स्विचच्या बॅटरीकडच्या टोकाला आणून जोडतात, म्हणजे स्विच उघडताच दोन्ही उगम गाडीपासून तुटतात. मात्र ती केबल कायम जिवंत राहते, तेव्हा तिला स्वतंत्र फ्यूज लावावा.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी शिशाच्या बॅटरीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही हलकी असू शकते. पण आपण तर वजन मागच्या उजव्या चाकावर टाकण्यासाठी ही खटपट करत आहात. तेथे हलकी बॅटरी घेऊन काय साधणार? शिवाय शून्य अंशाखाली ही बॅटरी चार्ज करणे तिला घातक असते, आणि मिशिगनच्या हिवाळ्यात गॅरेजमध्येही तापमान तेवढे उतरते. आपल्यासाठी एजीएमच योग्य.

प्रश्न : माझ्या गाडीत डिकीत सीएनजीची टाकी आहे. तिच्याशेजारी थोडी जागा उरते. तेथे बॅटरी बसवता येईल का? (एक वाचक, पनवेल)

उत्तर : नाही. सीएनजी टाकीत सुमारे 200 बार दाबाने भरलेली असते, आणि तिच्या झडपेतून झालेली बारीकशी गळतीही बंद डिकीत पेट घेण्याइतकी साचू शकते. त्याच कोंदट जागेत शेकडो अँपिअरचे जोड आणि फ्यूज आणून ठेवणे कोणत्याही कारणाने समर्थनीय नाही. जागेचीच अडचण असेल तर पहिल्या उत्तरात सांगितलेली लहान एजीएम बॅटरी बॉनेटखालीच बसवून घ्यावी.